दिल्ली–आग्रा–जयपूर खासगी सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा दिवस, पाच रात्री. एक गाडी, एक चालक आणि तुमचंच कुटुंब. चौकशी करणाऱ्या मंडळींच्या मनात बहुतेक वेळा हेच प्रश्न असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर देत आहोत. निर्णय घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा वाचावीत.

खासगी सहल आणि ग्रुप टूर यांत फरक काय?

खासगी सहलीत गाडी आणि चालक पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तुमच्यासोबत असतात. हुमायूनच्या मकबऱ्यात आजोबांना अर्धा तास जास्त बसावंसं वाटलं तर बसता येतं. एखादी जागा आवडली नाही तर तिथून लगेच निघताही येतं. सगळे बसमध्ये चढायची वाट पाहावी लागत नाही. दोन गाड्या लागतील एवढं मोठं कुटुंब असलं तरी कार्यक्रम तुमच्याच हातात राहतो.

मात्र रोज संध्याकाळी गप्पांना नवी मंडळी हवीत, सोबत मराठी टूर मॅनेजर हवा, स्वयंपाकी बरोबर असावा, अशी अपेक्षा असेल तर ग्रुप टूरच घ्या. खासगी सहलीत तुमचे पैसे मुख्यतः मोकळ्या वेळेवर खर्च होतात. तो वेळ वापरायचा नसेल तर जास्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही.

सहा दिवसांचा क्रम कसा असतो?

शनिवारी दुपारपर्यंत दिल्लीत उतरायचं. विमानतळावरून जवळ पडतो म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी कुतुबमिनार. रविवारी सकाळी लाल किल्ला आणि चांदणी चौक, दुपारी उशिरा हुमायूनचा मकबरा. सोमवारी न्याहारी करून यमुना एक्सप्रेसवेने आग्रा, साधारण चार तास. त्या दिवशी दुपारी आग्र्याचा किल्ला आणि सूर्यास्ताला यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून ताजमहाल. मंगळवारी सकाळी ताजमहाल आतून, मग फत्तेपूर सिक्री, वाटेत आभानेरीची चांद बावडी (पायऱ्यांची जुनी विहीर) आणि मुक्कामाला जयपूर. बुधवारी आमेरचा किल्ला. गुरुवारी सकाळी जंतरमंतर (जुनी वेधशाळा), सिटी पॅलेस आणि हवामहाल, मग परतीचा प्रवास.

दिल्लीत आणखी पाच ठिकाणं बसवता येतील, हे आम्हालाही ठाऊक आहे. इंडिया गेट, लोटस टेंपल, राजघाट, बिर्ला मंदिर आणि अक्षरधाम एकाच दिवसात ‘करून’ आणणारे कार्यक्रम पुष्कळ मिळतात. त्यातला अर्धा दिवस सिग्नलला आणि पार्किंगमध्ये जातो, आणि घरी आल्यावर कुठला फोटो कुठला हेही आठवत नाही. आमचा आग्रह असतो की सकाळी एक मोठी जागा आणि दुपारनंतर एक. अक्षरधाम हवंच असेल तर जरूर सांगा, पण त्यासाठी दिल्लीत एक मुक्काम वाढवा.

शनिवारीच का निघायचं?

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि लाल किल्ला सोमवारी. दिल्लीतली बरीच संग्रहालयं, लोटस टेंपल आणि अक्षरधाम यांचीही सुट्टी सोमवारचीच. शनिवारी सुरुवात केली की सोमवार प्रवासात जातो आणि ताज मंगळवारी येतो, त्यामुळे कुठलंच दार बंद सापडत नाही. दुसऱ्या वारी निघायचं असेल तर क्रम उलटसुलट करून देता येतो. तिकिटं काढण्याआधी मात्र आमच्याशी एकदा बोला. विमानाचं स्वस्त तिकीट आधी काढून ठेवलं आणि मग आग्र्याचा दिवस नेमका शुक्रवारी आला, असं सहज घडू शकतं.

कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. ऊन कोवळं असतं, धुकं ओसरलेलं असतं, बागा फुललेल्या असतात. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडाही चांगला.

अडचण अशी की आपल्याकडच्या शाळांना सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीनंतर दिल्लीची हवा फार बिघडते. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना तेव्हा तिथे नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रदूषण ठरावीक पातळीच्या वर गेलं की जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी येते, म्हणून त्या काळात आम्ही सीएनजी गाडीच देतो. दिवाळीतच जायचं असेल तर दिल्ली एका रात्रीवर आणून जयपूरचा मुक्काम वाढवावा.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. दगडी फरसबंदी तापते आणि मकबऱ्यांत पादत्राणं काढावी लागतात. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढेच तास हाताशी राहतात. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन मे महिन्यात जायचं म्हटलंत तर आम्ही नको म्हणतो.

डिसेंबरअखेर ते जानेवारी हा धुक्याचा काळ. गाड्या आणि विमानं तासन्‌तास उशिरा धावतात. या दिवसांत रात्री आणि पहाटे आम्ही महामार्गावर गाडी काढत नाही, चालक तयार असला तरीही नाही.

ताजमहालाला पहाटेच जायला हवं का? तिकीट किती?

फेब्रुवारी-मार्चमध्ये जरूर पहाटे. दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. आठनंतर दिल्लीहून निघालेल्या बसगाड्या पोहोचू लागतात. मात्र जानेवारीत पहाटे गेलात तर समोर पांढऱ्या धुक्याची भिंत दिसेल आणि घुमटाचा पत्ताच नसेल. तेव्हा साडेदहा-अकराला जावं.

भारतीयांना प्रवेश ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर वर २०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट तीन तास चालतं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दरवाजापर्यंत नेता येत नाहीत. पूर्वेच्या बाजूला शिल्पग्रामला गाडी लावून बॅटरीवरच्या गाडीतून जावं लागतं. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, ट्रायपॉड आत नेऊ देत नाहीत. हातात पाणी, फोन आणि पैशांचं पाकीट, एवढंच ठेवा. मोठी बॅग गाडीतच राहू द्या. पौर्णिमेला आणि तिच्या मागेपुढे दोन-दोन रात्री चांदण्यातला ताज पाहता येतो. शुक्रवारी आणि रमजानमध्ये ही सोय नसते.

आत गेल्यावर दुरून फोटो काढून होतात, मग पुढे काय पाहायचं, असं बरेच जण विचारतात. भिंतीजवळ जा. संगमरवरात कोरून बसवलेल्या एखाद्या फुलाशी थांबा. एका पाकळीतच दगडाचे कितीतरी तुकडे असतात आणि देठाकडून टोकाकडे रंग फिका होत जाईल असे ते निवडून लावलेले असतात. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. मुमताजचा मृत्यू १६३१ साली बुऱ्हाणपूरला झाला, म्हणजे आपल्या जळगाव-रावेरच्या पलीकडे तापीकाठी. पहिलं दफनही तिथेच झालं होतं. खानदेशातल्या मंडळींना हे सांगितलं की ती त्या कबरीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आग्र्यात ताजशिवाय काय आहे? एक रात्र कशाला?

मराठी माणसाने आग्र्याच्या किल्ल्याला एक अख्खी दुपार द्यावी. आमच्या कार्यक्रमातलं दुसरं काहीही कमी करा, हे कमी करू नका.

अमरसिंह दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे नमस्कार करून आत शिरायचं. चढण संपली की डावीकडे-उजवीकडे पाहत घाई न करता दिवाण-ए-आमपर्यंत यायचं आणि मग वर दिवाण-ए-खासकडे. शाहजहान याच किल्ल्यात आठ वर्षं नजरकैदेत राहून जानेवारी १६६६ मध्ये वारला. बाप गेल्यावर औरंगजेबाने दरबार आग्र्याला आणला आणि त्याच वर्षी १२ मे रोजी महाराज बाळ संभाजीराजांना घेऊन इथे आले. बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार होता. त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. हा अपमान महाराजांनी भर दरबारात बोलून दाखवला आणि ते रांग सोडून बाजूला झाले. पुढचे तीन महिने पहारा आणि १७ ऑगस्टला सुटका. मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पण पूर्वेच्या गच्चीवर उभं राहून यमुनेचं पात्र, तटाची उंची आणि सभोवारचं सपाट मैदान एकदा डोळ्यांनी पाहिलं की सह्याद्रीचा एकही डोंगर पाठीशी नसताना तिथून निघणं काय होतं, ते कळतं.

किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे, तो पाहता येत नाही. महाराजांना ठेवलं होतं ती जागा किल्ल्याबाहेर, मिर्झाराजांचे पुत्र रामसिंह यांच्या तळाजवळ होती. तिचं नेमकं स्थान कोणतं, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे कोणी ‘हीच ती खोली’ म्हणून किल्ल्यातली कोठडी दाखवू लागला तर विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये दिवाण-ए-आममध्ये शिवजयंती साजरी झाली. १९ फेब्रुवारीच्या सुमारास जायचं असेल तर मुक्कामाची सोय बरीच आधी सांगा.

याशिवाय वेळ उरला तर नूरजहानने वडिलांसाठी बांधलेला इतमाद-उद-दौलाचा मकबरा पाहावा. छोटा आहे, गर्दी नसते, आणि दगडातलं जडावकाम निवांत बघता येतं.

जयपूरमध्येही आपल्या इतिहासाशी जोडलेलं काही आहे का?

आहे, आणि म्हणूनच आम्ही हा क्रम दिल्ली–आग्रा–जयपूर असा ठेवतो. १६६५ चा पुरंदरचा तह ज्यांनी घडवला, ते मिर्झाराजे जयसिंह आमेरचे. तिथला प्रसिद्ध शीशमहाल त्यांच्याच काळातला. आग्र्यातल्या त्या दरबाराचा सर्वांत जवळून लिहिलेला वृत्तांत आपल्याला मिळतो तोही रामसिंहाच्या पदरच्या माणसांनी आमेरला धाडलेल्या राजस्थानी पत्रांतून. ही पत्रं जयपूरच्या दप्तरात जपली गेली. दोनच दिवसांपूर्वी आग्र्याचा किल्ला पाहिलेला असला की आमेरला या गोष्टींची संगती लागते. गाईडला आरशांपुरतं थांबू देऊ नका, मिर्झाराजांबद्दल विचारा.

जयपूर शहर त्यानंतरचं, १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसवलेलं. १८७६ मध्ये वेल्सचा युवराज येणार म्हणून त्याला गुलाबी रंग दिला गेला. हवामहाल १७९९ चा. तो आत जाऊन जरूर पाहा, पण रस्त्यापलीकडून दिसणारं त्याचं रूप सकाळच्या उन्हातच खुलतं.

पानिपत जोडता येईल का?

येईल. दिल्लीहून उत्तरेला साधारण ९० किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळपर्यंत परत येता येतं. त्यासाठी दिल्लीत एक रात्र वाढवावी लागेल. काला आंब इथे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं स्मारक आहे. भव्य वास्तू, तटबुरूज असं काही तिथे नाही. एक स्तंभ, बाग आणि आजूबाजूला सपाट शेती. लढाईचं थोडं वाचन करून गेलात तर तिथून पाय निघत नाही. काहीच न वाचता गेलात तर दहा मिनिटांत गाडीत येऊन बसाल.

लाल किल्ल्यातलं दिवाण-ए-खासही याच मोहिमेची आठवण देतं. त्याच्या छताची चांदी सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये सैन्याच्या खर्चासाठी उतरवली. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत नंतरचं.

आईवडिलांचे गुडघे दुखतात. चालणं किती असतं?

रोज तीन-चार किलोमीटर धरून चाला, पण सलग नाही. कुतुबमिनारचा परिसर सपाट आहे. ताजला चाकांची खुर्ची नेता येते. आग्र्याच्या किल्ल्यात चढण आहे, पण ती फरसबंदी उताराची. आमेरला पायऱ्या टाळून जीपने वरच्या चौकापर्यंत जाता येतं. तिथली हत्तीची सवारी आम्ही कार्यक्रमात ठेवत नाही, कुणी मागितली तरी सुचवत नाही. उन्हात दिवसभर माणसं वाहणाऱ्या त्या जनावराचे हाल आम्हाला बघवत नाहीत.

खरा त्रास होतो तो फत्तेपूर सिक्रीत बुलंद दरवाजाच्या उंच पायऱ्यांचा. म्हणून आम्ही राजवाड्याच्या बाजूने आत शिरतो आणि पायऱ्या उतरणं ऐच्छिक ठेवतो. चांद बावडीत साडेतीन हजार पायऱ्या आहेत असं ऐकून घाबरू नका. त्या उतरू देत नाहीत, वरून पाहायच्या असतात. चांदणी चौकात दिवसा मोटारी येत नाहीत, तिथे सायकलरिक्षा करून देतो.

मुलं कंटाळतील का?

दिवसाला चार मकबरे दाखवले तर मोठी माणसंही कंटाळतील. मुलांसाठी या सहलीतली सर्वांत चांगली जागा जयपूरचं जंतरमंतर. तिथलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, जगातलं सर्वांत मोठं दगडी सूर्यघड्याळ. त्याच्या कमानीवर पडलेल्या सावलीच्या कडेला पेन्सिलीचं टोक धरायला सांगा. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटाभरात तीन-चार बोटं. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं असतं, इथे ते मुलांना बसल्याजागी दिसतं. ढगाळ दिवशी यातलं काही होत नाही, म्हणून आकाश पाहून बुधवार-गुरुवारची अदलाबदल करतो.

जेवणाचं काय? शाकाहारी, उपवासाचं, कांदा-लसूण नसलेलं मिळेल?

शाकाहाराची या पट्ट्यात अजिबात चिंता नाही. जयपूरमध्ये जैन जेवणही सहज मिळतं. हॉटेलच्या न्याहारीत पोहे-उपमा मिळेल, पण आमचं सांगणं असं की एक सकाळ तरी बाहेर खा. आग्र्यात बेडई आणि आलूची तिखट भाजी, वर गरम जिलेबी. जयपूरला कांद्याची कचोरी, रात्री दाल-बाटी-चुरमा. हिवाळ्यात जुन्या दिल्लीत दौलत की चाट मिळते, दुधाच्या फेसाची, तोंडात ठेवताच विरघळणारी. पेठा म्हणजे कोहळ्याचा. घरी न्यायचा तर कोरडा घ्या, पाकातला प्रवासात सांडतो.

उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगा. साबुदाण्याची खिचडी सगळीकडे मिळत नाही, फळं आणि दूध मिळतंच. वरण-भाताची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी दालखिचडी आणि दही सांगून ठेवता येतं.

खर्चात काय धरलेलं असतं आणि काय नसतं?

धरलेलं: गाडी, इंधन, टोल, पार्किंग, आंतरराज्य कर, चालकाचा भत्ता आणि त्याची राहण्याची सोय, न्याहारीसह हॉटेल, प्रत्येक शहरात परवानाधारक गाईड. नसतं: दुपार-रात्रीचं जेवण, प्रवेशशुल्क, विमान किंवा रेल्वेचं तिकीट, बक्षीस.

गाडी आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्या कुणाकडून, तीन गोष्टी लेखी विचाराच: दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, टोल आणि राज्याचा कर आत आहे की वेगळा, रात्रीचा भत्ता कोणी द्यायचा. स्वस्त दिसणाऱ्या दरात या तिन्ही गोष्टी वगळलेल्या असतात आणि शेवटच्या दिवशी हिशेब फुगतो. नंबरप्लेट पिवळीच हवी. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे मिळणं अवघड.

गाईड आणि चालक दुकानात नेतात, त्याचं काय?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा. आग्र्यात संगमरवराचे कारखाने, जयपूरमध्ये गालिचे, रजया आणि रत्नं. तिथे नेणाऱ्याला विक्रीवर कमिशन मिळतं, आणि ते शेवटी तुमच्याच बिलातून जातं. आमच्या कार्यक्रमात एकही दुकान नाही. तुम्हाला खरेदी करायची असेल तर सांगा, बाजारात सोडतो. सांगानेरी छपाईचं कापड, जयपुरी रजई, निळ्या नक्षीची ‘ब्लू पॉटरी’ या गोष्टी बापू बाजार आणि जोहरी बाजाराच्या परिसरात पायी फिरून, चार ठिकाणी भाव विचारून घ्याव्यात.

संगमरवर म्हणून मऊ दगडाच्या वस्तू विकल्या जातात. फोनचा टॉर्च मागून धरा. संगमरवरातून उजेड झिरपतो. आणि रत्नं ‘गुंतवणूक’ म्हणून, दुसऱ्याच्या नावे नेऊन विकायची म्हणून, कुणी कितीही गोड बोललं तरी घेऊ नका.

गाईड घेताना गळ्यातलं ओळखपत्र पाहा. स्मारकाच्या दाराशी अंगावर येणाऱ्यांना नको म्हणायचं आणि पुढे चालायचं. मराठी बोलणारा गाईड या शहरांत क्वचितच मिळतो. चांगली हिंदी बोलणारा मात्र आम्ही निवडून देतो.

मुलगा-सून अमेरिकेहून येणार आहेत. त्यांना परदेशी तिकीट लागतं का?

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल तर राष्ट्रीय स्मारकांना भारतीयांचाच दर लागतो. मूळ कार्ड जवळ हवं, फोनमधल्या फोटोवर वाद होतात. परदेशी पासपोर्ट आहे पण ओसीआय नाही, अशांना परदेशी दर द्यावा लागतो. ताजला तो ११०० रुपये आणि मुख्य मकबऱ्याचे २०० वेगळे. हॉटेलात प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं ओळखपत्र लागतं. आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो, पॅन कार्ड चालत नाही.

परतीचं तिकीट कुठून काढावं?

जयपूरहून. येताना दिल्ली, जाताना जयपूर. परत दिल्लीला आलं की पाचेक तासांचा रस्ता पुन्हा कापावा लागतो आणि सहावा दिवस त्यातच संपतो. जयपूरहून मुंबई-पुण्याला थेट विमानं आहेत, आणि दुपारी निघून सकाळी मुंबईला पोहोचवणारी रेल्वेही. तिकीट थोडं महाग पडलं तरी गाडीचा एका दिवसाचा खर्च वाचतो, ते हिशेबात धरा.

ग्वाल्हेर किंवा काशी याच सहलीत करता येईल?

ग्वाल्हेर जरूर करा. आग्र्याहून साधारण १२० किलोमीटर, एक मुक्काम पुरतो. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाची निळ्या टाइल्सची भिंत, शिंद्यांचा १८७४ चा जयविलास राजवाडा, तानसेनाची कबर आणि फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जुन्या शहरात मराठी आडनावांच्या पाट्या दिसतील, आणि हाक मारलीत तर मराठीत उत्तरही मिळेल. सहा दिवसांचे सात होतात.

काशीचं तसं नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेलं विश्वेश्वराचं मंदिर, पहाटेचे घाट, संध्याकाळची आरती, या सगळ्यासाठी किमान दोन रात्री हव्यात, आणि ज्येष्ठांना तिथे श्राद्ध-तर्पण करायचं असेल तर तीन. आग्र्याहून गाडीने नेण्याइतकं ते जवळही नाही. जयपूर वगळून दिल्ली–आग्रा–काशी असा वेगळा कार्यक्रम आम्ही रेल्वे धरून आखून देतो. दोन्ही एकाच आठवड्यात बसवा असा आग्रह झाला तरी आम्ही ते घेत नाही.